आणखी अर्धा फेरा

४ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.
सासऱ्यांची गाडी अखेर माझ्या ताब्यात आली.
सासरे होते तोवर मला ती फक्त पुसायला मिळायची, तीही बाहेरून. बॉनेट उघडलं की म्हणायचे, "जावईबुवा, तुम्ही लांबून बघा." हसत म्हणायचे, पण म्हणायचेच. ते गेले आणि गाडी त्यांच्या गॅरेजमध्ये चादरीखाली पडून राहिली. काल सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या आणि त्यांच्यामागोमाग गाडीही आली. वयाने माझ्याहून मोठी आहे. दोनच दारं. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून अंग चोरून आत शिरायचं. इंजिनाचं हेड, म्हणजे स्पार्क प्लग बसतात तो वरचा भाग, ॲल्युमिनियमचं. त्या काळी ही मोठी मिजास होती म्हणतात.
सासूबाईंचे डोळे जात चालले आहेत. डॉक्टर म्हणाले, मधलं दिसेनासं होईल, कडेचं थोडं राहील, आणि किती दिवसांत ते कुणी सांगू शकत नाही. सासूबाईंनी रडारड केली नाही. एकच मागितलं. ह्याच गाडीतून एकदा तलावापर्यंत चक्कर मारायची, दिसतंय तोवर. दोघं दर रविवारी जायची. काठाशी गाडी लावून थर्मासमधला चहा प्यायची आणि न भांडता परत यायची. आठवड्यातला तेवढाच एक वेळ न भांडता जायचा, असं सासूबाईच सांगतात.
येत्या रविवारी जायचं ठरलं. गाडी मी चालवणार. तसं कुणी म्हणालेलं नाही, पण दुसरं आहे कोण?

त्याच दिवशी, दुपारी.
हो-बघू येऊन गेला. हा सासऱ्यांचा जुना मेकॅनिक. काहीही विचारा, उत्तर एकच, "हो, बघू." म्हणून घरात सगळे त्याला तेच म्हणतात. त्याने इंजिनाचे चारही प्लग काढले, साफ केले, परत लावले. मी शेजारी उभा राहून तपासत होतो. प्लग दोन बोटांनी फिरवत बसवला, मग छोट्या पान्याने जरासा आवळला आणि थांबला. एवढंच? मी तसं विचारलं. "हो, बघू," म्हणाला आणि हात पुसायला लागला.
मी अख्खी नोकरी अंतर्गत तपासणीत काढली आहे. निष्काळजीपणा मला वासावरून कळतो.

५ फेब्रुवारी, सोमवार.
ढिलेपणा. ह्या देशाचं, ह्या घराचं, सगळ्याचं मूळ दुखणं ढिलेपणा.
निदान आमच्या घरात तरी सगळं मी बंद करतो. नळ, बरण्या, गॅसचं बटण, खिडक्यांच्या कड्या. आमच्याकडे काही गळत नाही. नळांचे वायसर वारंवार जातात हे खरं आहे, पण तो प्लंबरच हलका माल घालतो. आज सासूबाईंना साखरेची बरणी उघडता आली नाही म्हणून त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला. ह्या वयात ते चांगलंच.
ही मात्र नाक मुरडते. ही दातांची डॉक्टर, घराला लागूनच दवाखाना. जबड्याच्या हाडात बारीक स्क्रू बसवते आणि त्यावर दात लावते. त्यासाठी तिच्याकडे एक चिमुकला पाना आहे. ठरलेला जोर झाला की त्यातून 'कट्' असा आवाज येतो. कट् झालं की ही थांबते. एकदा मी दारातून बघत होतो. तिला म्हटलं, आणखी अर्धा फेरा दे, पेशंटलाही बरं वाटेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला बाहेर जाऊन पेपर वाचावा लागला.

६ फेब्रुवारी, मंगळवार.
काम फत्ते.
ही दवाखान्यात, सासूबाई आडव्या झालेल्या. बॉनेट उघडलं. हो-बघूच्या पान्यापेक्षा मोठा पाना घेतला आणि त्याच्या दांड्याला नळाचा तुकडा जोडला, म्हणजे जोर नीट पोचतो. पहिला प्लग आवळला. कर्र झालं. दुसराही कर्र. तिसरा आधी घट्ट झाला, मग फार घट्ट झाला, मग एकदम सोपा झाला. फिरायला लागला तो मऊसूत फिरतच राहिला. म्हणजे पूर्ण बसला. चौथा आवळला आणि हात धुतले.
सासरे आज असते तर जवळून बघा म्हणाले असते.

७ फेब्रुवारी, बुधवार.
तिसरा प्लग बोटाने बाहेर आला. त्याच्या आट्यांवर चांदीसारखी चकचकीत तार गुंडाळलेली होती, नाजूक, सुंदर. इतक्या वर्षांचा साठलेला मळ असणार. हो-बघूने काय साफ केलं, देव जाणे.
तार पुसून टाकली. आता प्लग आत टाकला की आत जातो आणि बाहेर ओढला की बाहेर येतो. फिरवावा लागतच नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार.
नेटवर वाचलं. ती तार मळ नव्हती. ते भोकातले आटे होते.
कुणाच्याही हातून हे झालं असतं. ॲल्युमिनियम ही वस्तूच कमकुवत. सासऱ्यांनी निवड करतानाच चूक केली होती. मी ती फक्त उघडकीस आणली. तपासणीचं कामच ते.

१० फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी.
तोडगा सापडला. प्लंबर नळाला गुंडाळतो ती पांढरी टेप. प्लगला चांगली जाड गुंडाळली आणि दाबून बसवला. गच्च बसला. गाडी सुरू केली. पहिल्या झटक्याला सुरू झाली, हे मुद्दाम लिहून ठेवतो.
मग धाडकन आवाज झाला. प्लग बंदुकीच्या गोळीसारखा सुटला आणि बॉनेटला आतून लागला. बॉनेटला बाहेरून टेंगूळ आलं आहे. तेव्हा दवाखान्यात खुर्चीवर कुणीतरी होतं, ते दचकून हिच्या बोटाला चावलं. ही धावत बाहेर आली. मी सांगितलं, शेजाऱ्यांचा टायर फुटला. ही टेंगळाकडे बघत राहिली. मग म्हणाली की हो-बघूला बोलव. मी म्हटलं, फोन केलाय. तो काय म्हणाला असं तिने विचारलं. मी सांगितलं, हो, बघू.
फोन केला असता तर तो हेच म्हणाला असता. त्यामुळे हे खोटं होत नाही.

११ फेब्रुवारी, रविवार.
चक्कर पुढे ढकलली. सासूबाईंना बॅटरीचं कारण दिलं. त्या म्हणाल्या, हरकत नाही, पुढच्या रविवारी जाऊ. समजूतदार बाई.
जेवताना त्यांनी मला किती वाजले ते विचारलं. समोरच्या भिंतीवर परातीएवढं घड्याळ आहे. वय झालं की माणसाला आयतं लागतं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार.
टेप हा पोरखेळ होता, कबूल. खरा उपाय म्हणजे दोन ट्यूबांचा गम. दोन्ही कालवायच्या, भरायच्या, सुकू द्यायच्या. फुटलेलं धरणही जोडतो, असं वेष्टनावर लिहिलंय. दोन्ही सारख्या घ्या असंही लिहिलंय. मी घट्ट होणारी ट्यूब जरा जास्त घेतली. प्लग बसवला. आता चार दिवस कुणीही हात लावायचा नाही.
नवा नियम: रोज सकाळी अर्धा तास इंजिनशास्त्र.

१४ फेब्रुवारी, बुधवार.
इंजिनशास्त्र उद्यापासून. आज गम सुकला का ते बघण्यात सकाळ गेली.

१७ फेब्रुवारी, शनिवार.
गम दगडासारखा झाला आहे. गाडी सुरू केली. प्लग उडाला नाही! पण तिथून फुस्स फुस्स असा आवाज येतो आणि गाडी चार पावलं पुढे जाऊन उचक्या देते. प्लग काढून बघावा म्हटलं तर आता तो निघत नाही. पाना, नळाचा तुकडा, दोन्ही पाय बंपरला लावून ओढला. निघाला. सोबत भोकात उरलेसुरले जे काही होतं तेही निघालं. भोक आता अगदी गुळगुळीत आहे.
एका परीने बरंच झालं. पाया साफ झाला.

१८ फेब्रुवारी, रविवार.
सासूबाई सकाळपासून नेसून, चप्पल घालून सोफ्यावर बसल्या होत्या. पर्स मांडीवर. मी पंपाचं कारण दिलं. कुठला पंप ते विचारलं नाही, मी सांगितलंही नाही. त्यांनी पर्समधला चष्म्याचा डबा काढला, उघडला, मिटला, परत ठेवला.
मग मला पेपरमधली मोठी बातमी वाचून दाखवायला सांगितलं. पेपर स्वतःच्या हातात, चष्मा नाकावर, आणि वाचायचं मी. लेकीने फार लाडावून ठेवलं आहे. वाचलं. पेपर त्यांनी उलटा धरला होता, तो सरळ करून घेतला.
ही दिवसभर माझ्याशी मोजकंच बोलली. तिचा सध्या कामाचा ताण वाढलाय.

२१ फेब्रुवारी, बुधवार.
शेवटी शास्त्रशुद्ध मार्गावर आलो. सुटलेले आटे दुरुस्त करायचं किट मिळतं. भोक ड्रिलने मोठं करायचं, टॅप नावाच्या पोलादी हत्याराने त्यात नवे, मोठे आटे पाडायचे, मग त्यात एक पोलादी नळी बसवायची. नळीच्या आतून प्लगच्या मापाचे आटे असतातच. म्हणजे ॲल्युमिनियमच्या घरात पोलादाचं घर. मूळ इंजिनापेक्षा भक्कम! हे सासऱ्यांना सुचलं नाही.
किट मागवलं. व्हिडिओ पाहिला, दुप्पट वेगाने, कारण तो माणूस फार सावकाश बोलतो. त्याचं म्हणणं, टॅप सरळ धरा, त्याला भरपूर ग्रीस लावा म्हणजे चुरा त्यात अडकेल, आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं करत जा. पुढे गेल्यावर मागे येणं माझ्या स्वभावात बसत नाही. ग्रीसने हात खराब होतात.

२४ फेब्रुवारी, शनिवार.
ही दिवसभर बाहेर, दातवाल्यांच्या संमेलनाला. मैदान मोकळं.
हात नीट पोचावा म्हणून इंजिनावरचं झाकण काढून ठेवलं. ड्रिल मारलं. टॅप घातला. सुरुवातीला जड गेला, म्हणून नळाचा तुकडा लावला, मग भराभर गेला. चांदीचा चुरा छान पडत होता. बराचसा आत पडत होता. नळी बसवली, प्लग लावला.
प्लग वाकडा आहे. थोडा. बाकीचे तिघं सरळ उभे आणि हा शेजाऱ्याच्या कानात काही सांगत असल्यासारखा. चालतंय. इंजिनाला काय दिसतं?
झाकण परत लावताना त्याचे बोल्ट आवळले. सवयीने नळाचा तुकडा पान्यालाच राहिला होता. दोन बोल्ट आधी घट्ट झाले, मग फार घट्ट झाले, मग सोपे झाले.
आज आणखी काही लिहीत नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार.
गाडी सुरू केली नाही. आत पडलेला चुरा आठवला. सासूबाईंना सांगितलं, पार्ट यायचाय.
नाश्त्याला सासूबाई किटलीतून चहा ओतत होत्या. कप इथे आणि चहा तिथे. टेबलावर ओतत होत्या, शांतपणे, हसतमुख. मी किटली धरली. त्या माझ्याकडे वळल्या. माझ्याकडे म्हणजे माझ्या खांद्याकडे.
"जावईबुवा, तुमचा चेहरा आता मधोमध पुसल्यासारखा दिसतो हो. कान तेवढे दिसतात."
स्वतःच हसल्या. मीही हसलो. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो.
घड्याळ. पेपर. त्यांना आयतं लागतं असं मी लिहिलं होतं, ह्याच वहीत. त्या तीन रविवार तयार होऊन बसल्या आणि मी बॅटरी, पंप, पार्ट सांगत बसलो. त्यांच्याकडे रविवार मोजकेच होते आणि मी ते माझे असल्यासारखे खर्च केले. मला स्वतःची लाज वाटली. खरोखर वाटली.
ठरवलं. आज हिला सगळं सांगायचं.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
ही दमलेली दिसली. उद्या सांगतो.

२६ फेब्रुवारी, सोमवार.
हिचे पेशंट ओळीने होते. मध्येच अशा गोष्टी सांगणं पेशंटच्या दृष्टीने बरं नव्हे.

२७ फेब्रुवारी, मंगळवार.
सांगावं लागलं नाही.
दुपारी गॅरेजमध्ये गेलो तर ही आधीच तिथे. पांढरा कोट, हातात दात बघायचा तो लांब दांड्याचा छोटा आरसा आणि टॉर्च. वाकडा प्लग काढून ठेवला होता. आरसा भोकात घालून आत बघत होती. पेशंटच्या तोंडात बघते तशीच, भुवया जवळ आणून. मी म्हटलं, दातांचं वेगळं, इंजिनाचं वेगळं. तिने टॉर्च आणखी जवळ धरला. मी सुटलेल्या बोल्टांचा विषय काढला, म्हणजे इतरांनी काढण्याआधी. तेही तिने पाहिले होते. पान्याला लावलेला नळाचा तुकडा हातात घेऊन बराच वेळ तो उलटसुलट केला.
मग म्हणाली, "ॲल्युमिनियम शेवटपर्यंत काही बोलत नाही. सहन करतं, सहन करतं, आणि मग एकदम सोडून देतं. हे बाबांनी मला फ्रॉकमध्ये असताना शिकवलं. तुला मी लग्न झाल्यापासून सांगते आहे."
मी विचारलं की हे इंजिनाबद्दल चाललंय ना.
ती म्हणाली, "किल्ली दे."
दिली.

२ मार्च, शनिवार.
ऑपरेशन झालं. ऑपरेशनच म्हणायला हवं. हो-बघू आला. त्याने भोक पाहिलं आणि 'हो' म्हणाला, 'बघू' म्हणालाच नाही. आम्ही सगळे घाबरलो.
त्याचं म्हणणं असं पडलं की हेड काढून कारखान्यात न्यायचं तर जुने बोल्ट तुटतील आणि दोन महिने जातील. दोन महिने म्हणताच हिने सासूबाईंच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिने वेगळीच युक्ती काढली. शेजारच्या शाबूत भोकाचा साचा घेतला, दातांचा घेतात तो गुलाबी मसाला वापरून. त्यावरून एक टणक ठोकळा केला, मधून सरळ छिद्र असलेला. तो वाकड्या भोकावर बसवला की टॅपला वाकडं जायला जागाच नाही. जबड्यात स्क्रू बसवताना म्हणे असाच ठोकळा करतात. हो-बघूने याहून जाड नळी आणि मोठा टॅप आणला होता. टॅप त्याने फिरवला, ठोकळा हिने धरला. ग्रीस लावलं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मग परत बाहेर काढून पुसायचं, परत ग्रीस, परत आत. बघून बघून मला घाम फुटला. किती तो संथपणा!
आतला चुरा हिने दवाखान्यातल्या लाळ ओढायच्या नळीने ओढून काढला. दर वेळी आरशात बघायचं, आणखी ओढायचं. झाकणाच्या दोन्ही बोल्टांनाही लहान नळ्या बसवल्या.
मला टॉर्च धरायला दिला होता. सूचना करताना टॉर्च हलतो, असं दोघांनाही वाटलं. मग टॉर्च खिडकीला बांधला आणि मला सासूबाईंपाशी बसायला सांगितलं. गॅरेजच्या कामाची कल्पना त्यांना कुणीतरी द्यायला हवीच होती. मी दिली. सासूबाई म्हणाल्या, ही लहानपणी पान्याशी खेळायची, बाहुलीशी नाही. मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही काय केलंत?"
देखरेख, असं सांगितलं.

९ मार्च, शनिवार.
प्लग बसवले. दोन बोटांनी. मग हिने कट् आवाज करणारा एक मोठा पाना भाड्याने आणला होता, त्याने आवळले. चार वेळा कट् झालं. प्रत्येक कट् नंतर माझा हात आपोआप पुढे जात होता. ही न बघताच म्हणायची, नाही.
गाडी सुरू झाली. फुस्स नाही, उचकी नाही. गुरगुरत राहिली, एकसारखी. सासूबाई भिंतीला धरत धरत गॅरेजच्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. "हेच," म्हणाल्या. त्या आवाजाकडे कान लावून होत्या. मला गहिवरून आलं आणि ते लपवायला मी हवा भरायचा पंप शोधायला लागलो.
पाने ठेवायची पेटी आता दवाखान्यातल्या कपाटात असते. कुलूप लावून. चोऱ्या वाढल्यात, हिचं बरोबर आहे.
उद्याच जायचं होतं, पण हो-बघू म्हणाला, आठवडाभर थोडी थोडी चालवून, तेल बदलून, मग लांब न्या. पुढचा रविवार. रोज संध्याकाळी ही चालवून आणते. मी फाटक उघडतो आणि मिटतो. फाटकाची कडी हल्ली नीट बसते.

१६ मार्च, शनिवार.
आजचा दिवस मानाचा.
ही म्हणाली, पुढच्या सीटची बिजागरी खडखडते, तिचा बोल्ट जरा आवळायचा आहे. पोलादात पोलाद आहे, बिघडण्यासारखं काही नाही. "हा एक तुझ्यावर सोपवते. हलकेच." आणि पेटीतून एक पाना काढून माझ्या हातात दिला. स्वतः. इतक्या दिवसांनी. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मी नीट पाहिलं.
मी हलकेच आवळला. खडखड थांबली. पान्याला नळाचा तुकडा लावलेला नव्हता, तो मी माळ्यावरून शोधून आणला. पोलादात पोलाद आहे, तिनेच सांगितलं. उद्या त्या सीटवर सासूबाई बसणार. त्यांचा जीव त्या बोल्टवर. आणखी अर्धा फेरा दिला. सीट आता पहाडासारखी बसली आहे.
पाना परत केला. ही थँक्यू म्हणाली.
उद्याची व्यवस्था: ही चालवणार (गाडीची तिला सवय झाली आहे, ती मोडायला नको), सासूबाई पुढे, मी मागे. मागून दोघींवर लक्ष राहतं. चहा मी स्वतः करून थर्मास भरून ठेवणार. चहा सांडला असं उद्या कुणी म्हणायला नको.

१७ मार्च, रविवार. सकाळी.
सकाळी लवकर निघायचं होतं. सासूबाईंना आता कोवळ्या उजेडातच थोडं दिसतं. उन्हं वर आली की सगळं पांढरं होतं. त्या नेसून तयार होत्या. पर्स होती. चष्म्याचा डबा नव्हता. थर्मास मी भरून, बंद करून गाडीत ठेवला होता. अंघोळ करून नवा शर्ट घातला. हिने सीट दुमडायला हात लावला, म्हणजे मी मागे शिरेन.
सीट दुमडली नाही.
मी ओढली. दोघांनी ओढली. बिजागरी जागची हलेना. पाना आणला. बोल्ट सुटेना. जोर केला तर पाना घसरला आणि बोल्टाचे कोपरे गेले, आता तो गोल आहे. हिने घड्याळाकडे पाहिलं. मग बोल्टाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, फार वेळ नाही. दुसऱ्या बाजूची सीट चालकाची, तिला दुमडायची सोयच नाही. मी म्हटलं, मधून शिरतो. दोन सीटांच्या फटीतून डोकं घातलं, खांदे घातले, कमरेशी अडकलो. तिथे काही काळ होतो. हिने पाय धरून बाहेर ओढलं. नव्या शर्टाचं एक बटण आत राहिलं.
ही म्हणाली, हो-बघूला विचारू का. मग स्वतःच म्हणाली, नाही, उजेड जाईल. माझ्यामुळे चौथ्यांदा थांबायचं का, एवढं ती म्हणाली नाही. मीच ते ऐकलं.
सासूबाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. काच खाली केली. माझा आवाज जिथून येत होता त्या दिशेने मान वळवली आणि हसल्या. अगदी त्यांच्यासारख्या हसल्या, म्हणजे सासऱ्यांसारख्या.
"जावईबुवा, तुम्ही लांबून बघा."
गाडी गेली. फाटक मी लावलं. आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता, एकसारखा, मग नाही.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने.
हिचा फोन आला. पोचल्या. आवाज वेगळाच होता हिचा. म्हणाली, आईला पाणी दिसलं. सरळ बघून नाही. मान वळवून, डोळ्याच्या कडेने, पाण्यावर ऊन चमकतं तेवढं. बघतेय, बघतेय आणि बाबांना शिव्या घालतेय, तुम्ही नेहमी उलट्या बाजूला गाडी लावायचात म्हणून. मी फक्त हं म्हणत राहिलो. आपण तिथे नाही ह्याचं मला फार वाईट वाटलं, आणि कुणाला दोष द्यावा तर जवळपास कुणी सापडेना.
मग ती म्हणाली, "एक सांग. थर्मास कसा उघडायचा?"
मी सांगितलं. डावीकडे फिरव. फडक्याने धर. गुडघ्यात धर. तिने सगळं केलं होतं. सासूबाईंनीही करून पाहिलं होतं. शेजारच्या गाडीतल्या माणसाला दिला, तो पोलादाच्या कारखान्यात कामाला आहे म्हणे, त्यानेही परत दिला. मग आधी सासूबाई हसायला लागल्या. मग ही. दोघी इतक्या हसत होत्या की फोन कानाशी धरून मी एकटाच राहिलो. कुणी बंद केला ते कळलं नाही.
चहा आत आहे अजून. गरम असेल. आणि एक थेंबही सांडलेला नसेल, एवढं मात्र मी खात्रीने सांगतो.